परत आलेल्या दुधाचा हिशोब

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेत मी सचिव आहे. ज्या दुधाचा दर कापला किंवा जे दूध परत केलं, त्याची कारणं महिनाभर वहीत टिपली : फॅट कमी, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) कमी, पाणी लागलेलं, आंबट, उशिरा आलेलं, उन्हामुळे, नवीन सभासदांचं. बेरीज केली तर कारणांचे लिटर प्रत्यक्ष दुधापेक्षा जास्त भरले. चेअरमन म्हणतात, तुमची बेरीज चुकली. मीटिंगमध्ये काय मांडू?
— एक सचिव, संगमनेर तालुका

उत्तर : सचिवसाहेब, बेरीज बरोबर असणार. डेअरीच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली, अशा वह्या पुष्कळ पाहिल्यात. गडबड रकान्यांत आहे. एखाद्या नवीन सभासदाचं दूध दुपारी उशिरा आलं आणि आंबट निघालं, की तुमच्या वहीत ते तीनदा चढतं.

तुम्ही चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच यादीत घातली आहेत. आंबट, फॅट कमी, एसएनएफ कमी हे यंत्रावर आणि नाकाला कळतं. पाणी, ऊन हे तुमचे अंदाज. उशीर ही वेळ झाली. नवीन सभासद म्हणजे दूध कोणाचं ते. प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र उभा रकाना द्या आणि बेरीज एका वेळी एकाच रकान्याची करा. मॅकिन्सी या सल्लागार कंपनीत बार्बरा मिंटो यांनी १९६०च्या दशकात या शिस्तीला ‘एमईसीई’ असं नाव दिलं. कप्पे एकमेकांवर चढू नयेत आणि काही बाहेर राहू नये, एवढंच त्यात आहे. कंपन्या त्याचे वर्ग घेतात, फी घेऊन.

आता पहिला रकाना नीट बांधू. आधी वास आणि उकळी. दूध फाटलं की ‘आंबट’ लिहून थांबा, त्याचं फॅट कोणत्याही रकान्यात चढवू नका. जे टिकलं त्याला दोनच प्रश्न : फॅट पुरतं का, एसएनएफ पुरतं का? गायीच्या दुधाला तुमच्याकडे ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ धरत असतील. यातून फक्त फॅट कमी, फक्त एसएनएफ कमी, दोन्ही कमी, दोन्ही ठीक असे चारच कप्पे पडतात, पाचवा पडूच शकत नाही. दोन्ही ठीक असूनही दूध परत गेलं असेल तर ते ‘इतर’मध्ये, पण शेजारी कारण लिहायचंच. कोरा ‘इतर’ फुगत जातो आणि मग त्यातच खरी भानगड दडते.

काठावरचं दूध कुठे, हेही आधीच ठरवा. ‘३.५ पर्यंत’ आणि ‘३.५ पासून’ असं लिहिलंत तर बरोबर ३.५ चं दूध दोन्हीकडे जाईल. जनगणनेत पाहा : ६ महिने किंवा जास्त काम केलेला मुख्य कामगार, ६ महिन्यांपेक्षा कमी केलेला सीमांतिक. कुंपणावर कोणी उरत नाही.

असं मांडलंत की ‘पाणी’ हा वेगळा कप्पा लागतच नाही. पाणी घातलं की फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात, म्हणून संशय ‘दोन्ही कमी’ या कप्प्यावर धरा. नुसतं फॅट उतरलं असेल तर आधी वैरण विचारा : खुराक भरपूर आणि चारा कमी असला की फॅट पडतं. नुसतं एसएनएफ उतरलं तर कासदाह तपासून घ्या. दुधाची घनता मोजणाऱ्या नुसत्या लॅक्टोमीटरवर मात्र विसंबू नका. साय काढली की डिग्री चढते, पाण्याने उतरते, त्यामुळे दोन्ही उद्योग केलेलं दूध त्यावर चक्क पास होतं.

मीटिंगमध्ये चेअरमनना एकच कागद द्या : आडवे हे कप्पे, उभी सकाळ आणि संध्याकाळ, आत लिटर, शेवटी बेरीज. ती कापलेल्या आणि परत केलेल्या एकूण दुधाशी तंतोतंत जुळायला हवी. नवे-जुने सभासद पाहायचे असतील तर त्याचा दुसरा कागद करा.

आणि ‘दोन्ही कमी’मधल्या कोणाचंही नाव मीटिंगमध्ये घेऊ नका. आधी त्यांच्या गोठ्यावर जाऊन समोर धार काढून घ्या, अगदी शेवटच्या धारेपर्यंत. पहिल्या धारांत फॅट कमी असतं, अर्धवट काढलेल्या नमुन्यावर भल्या माणसावर आळ येईल. सगळं दूध ढवळून मग बाटली भरा.