एमजीबीखाली रोज तेल ठिबकतंय, गॅरेजवाला म्हणतो मागचं सील गेलं. खरंच इंजिन उतरवावं लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडात राहता, १९७२ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली आहे, रोज सकाळी गाडीखाली तळहाताएवढा काळा डाग दिसतो. गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली, बॅटरी मारून पाहिलं, ‘क्रँकचं मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल’ असं सांगितलं आणि मोकळा झाला. (क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, आणि सील म्हणजे त्याच्या टोकाशी तेल अडवणारी रबरी कडी.) त्याच्यावर विश्वास ठेवायचा का, हे तुम्हाला हवंय.

ठेवा, पण इतक्यात नको. आधी माझा गाढवपणा ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्याही एमजीबीच्या बेलहाउसिंगखालून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचवरच्या आवरणाखालून, असेच थेंब पडायचे. मला कुणी गॅरेजवाल्याने सांगितलंही नव्हतं, मीच ठरवलं की सील गेलं. भाड्याची क्रेन आणली, मित्राला बोलावलं, दोन शनिवार-रविवार घालवून इंजिन उतरवलं, सील बदललं, परत चढवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी तोच डाग. सील बिचारं निर्दोष होतं. तेल गळत होतं बरंच वरून, ब्लॉकच्या डाव्या अंगाच्या मागच्या झाकणातून. ते ब्लॉकच्या कडेने ओघळत मागे यायचं, बॅकप्लेटवरून (ब्लॉकच्या मागच्या पत्र्यावरून) खाली उतरायचं आणि नेमकं सील गेल्यावर जिथे ठिबकेल तिथेच ठिबकायचं. थेंब पडण्याची जागा आणि गळतीची जागा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मी सहा-सात दिवसांच्या कंबरदुखीतून शिकलो.

इथे एका शब्दाची गंमत आधी सांगतो, नाहीतर पुढे घोळ होईल. आपल्याकडचे मिस्त्री इंजिनाच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या झाकणाला टॅपेट कव्हर म्हणतात. इथे इंग्लंडात त्याला रॉकर कव्हर म्हणतात. इथलं टॅपेट कव्हर म्हणजे ब्लॉकच्या कुशीत, मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या) मागे लपलेली दोन छोटी झाकणं. माझे वडील साताऱ्यात टुरिस्ट गाडी चालवायचे, अँबेसेडर. तिच्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि तुमच्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही एकाच घराण्यातली, बीएमसी या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजमधली. त्यामुळे पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. फक्त शब्द वेगळे. मी दुकानात जाऊन टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागितलं आणि घरी येऊन बघतो तर भलतंच.

आता तुमच्या गाडीचं. १९७२ ची आहे म्हणजे इंजिन नंबरची पट्टी ‘१८व्ही’ने सुरू होत असेल, पाच मेन बेअरिंगचं, म्हणजे क्रँकला पाच ठिकाणी आधार असलेलं इंजिन. १९६४ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबींमध्ये तीन बेअरिंगचं इंजिन असे आणि त्यांच्या क्रँकला मागे रबरी सीलच नव्हतं. शाफ्टवर उलटे आटे कोरलेले, ते फिरताना तेल आत ओढून घ्यायचे. इंजिन बंद केलं की दोन-चार थेंब पडणारच, तो त्या इंजिनाचा स्वभावच. तुमच्यात मात्र खरोखरचं लिप सील आहे, म्हणजे तळहाताएवढा डाग ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून द्यायचा नाही.

सगळ्यात आधी ते तेल कुठलं आहे हे पाहा. गाडी लावता त्या जागी मोठा पुठ्ठा पसरा, चाकं कुठे आली त्याच्या खुणा करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठा काढून निवांत बघा. पुढच्या चाकांच्या रेषेत कडेला डाग असेल तर तो बहुधा लिव्हर-आर्म शॉकअॅब्सॉर्बरचा. मागच्या अॅक्सलखाली असेल आणि वासाला गंधकासारखं उग्र असेल तर डिफरन्शियलचं. बेलहाउसिंगच्या उजव्या बाजूला पाण्यासारखं पातळ काही असेल तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर तपासा, ते ब्रेक ऑइल असतं आणि रंग खातं. डाग मधोमध असेल तर खरी पंचाईत, कारण एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल घालतात. वासाने किंवा चिकटपणाने दोन्ही ओळखू येत नाहीत. बोटावर घेऊन उजेडात धरा: काळं असेल तर इंजिनाचं, मधासारखं सोनेरी असेल तर गिअरबॉक्सचं. नुकतंच इंजिन ऑइल बदललं असेल तर हीही युक्ती फसते. तुम्ही ‘काळा डाग’ म्हणताय, म्हणून मी इंजिन धरून चालतो.

आता धुवायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच पळवाट काढतात. पन्नास वर्षांचा तेलकट चिखल ब्लॉकवर बसलेला असताना गळती शोधणं म्हणजे पावसात भिजलेल्या माणसाला घाम कुठे आला असं विचारणं. इंजिन कोमट असताना डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. इथे ज्याला पॅराफिन म्हणतात ते आपलं रॉकेल, ते आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन वरून खाली घासत या. डिग्रीझर वापरलंत तरी चालेल. जोराच्या पाण्याची नळी मात्र नको. खाली जायचं असेल तर गाडी अॅक्सल स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर डोकं घालू नका. गाडी चाळीस वर्षांपुढची असल्याने २०१८ पासून तिला एमओटीची (वार्षिक तपासणीची) सक्ती नाही, म्हणजे वर्षातून एकदा कुणी तरी खाली वाकून बघेल ही सोयही गेली. जे बघायचं ते तुम्हालाच.

धुऊन सुकलं की लगेच धरपकड करायची नाही. आधी श्वास तपासा. माझ्या मते एमजीबीच्या निम्म्या गळत्यांचं मूळ पॅकिंगमध्ये नसून ब्रीदरमध्ये, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या वाटेत असतं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला तुमच्या मॉडेलमध्ये पुढच्या टॅपेट कव्हरवर एक डबीसारखी नळी आहे, तिथून रबरी पाइप दोन्ही एसयू कार्बोरेटरना जातो, आणि कार्बोरेटर तो गॅस ओढून घेतात. ती वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेलाला प्रत्येक फटीतून बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला तुम्ही कितीही सील बदला, उपयोग शून्य.

तपासायला स्वयंपाकघरातली पातळ पिशवी पुरे. इंजिन गरम करून आयडलला सोडा, तेल घालायचं झाकण काढा आणि पिशवी त्या तोंडावर हलकेच धरा. पिशवी आत ओढली गेली की ब्रीदर काम करतोय. माझी पिशवी कशी वागली ते सांगतो: आधी थरथरली, मग हळूहळू गोल झाली आणि वाढदिवसाच्या फुग्यासारखी माझ्या हातात उभी राहिली. मी तिथेच खाली बसलो. मग टॅपेट कव्हरची ती डबी काढली. आतली जाळी काळ्या, कुरकुरीत थराने इतकी गच्च झाली होती की फुंकर मारून पाहिली तर गाल फुगले पण हवा पलीकडे जाईना. रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवली, सकाळी बारीक तारेने टोचली, तेव्हा कुठे पलीकडचा उजेड दिसला. बरोबरच तेलाचं झाकणही बघा. मूळच्या झाकणात हवा आत घेण्यासाठी फिल्टर असतो आणि तो ठरावीक मैलांनी बदलायचा असतो. आधीच्या मालकाने हौसेने चकचकीत क्रोमचं झाकण बसवलं असेल, किंवा कार्बोरेटर बदलताना ब्रीदरचा पाइप बूच मारून सोडून दिला असेल, असंही सर्रास सापडतं.

ब्रीदर साफ असूनही पिशवी फुगली तर गॅसच जास्त उतरतोय. मग कॉम्प्रेशन तपासा. चारही सिलिंडरचे आकडे लिहून ठेवा, मग प्रत्येकात चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्या. तेलाने एखाद्या सिलिंडरचा आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा झिजल्यात, आणि तो वेगळा, महागडा विषय आहे.

श्वास ठीक झाला की मग गळती शोधा. यूव्ही डाय नावाचं रंगद्रव्य छोट्या बाटलीत मिळतं, ते फक्त इंजिनात घाला. गिअरबॉक्सचं कोडं इथेच सुटतं, कारण चमकलं तर ते इंजिनाचंच. वीस-पंचवीस मैल फिरवून आणा, अंधार पडल्यावर यूव्ही बॅटरी (टॉर्च) आणि बरोबर येणारा पिवळा चष्मा घेऊन वरून बघायला सुरुवात करा. ओली दिसणारी सगळ्यात वरची जागा शोधायची, सगळ्यात जास्त ओली नव्हे. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजन खाली ओढतं, म्हणून मूळ नेहमी डागाच्या वर किंवा पुढे सापडतं. डाय नको असेल तर धुतलेल्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, ओघळ तिच्यावर रेघ ओढून दाखवतो.

रॉकर कव्हर पहिल्यांदा बघा, विशेषतः मागची कड. गळतं म्हणून लोक वरचे दोन नट आवळत जातात, पत्रा वाकतो आणि आणखी गळतं. तिथला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, फक्त ४ पौंड-फूट आहे, म्हणजे छोट्या पान्याने दोन बोटांनी आवळण्याइतका. कव्हर काढून काचेवर ठेवा, डुलत असेल तर कडा सरळ करा. कॉर्कचं पॅकिंग कव्हरला चिकटवा, हेडच्या बाजूला नुसतं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी व्हॉल्व्ह सेट करताना फाटणार नाही.

त्यानंतर माझी ती वैरीण, मागचं टॅपेट कव्हर. मॅनिफोल्डखाली हात घालून बोट फिरवा, बोट ओलं आलं की समजा. एकाच मधल्या बोल्टवर बसतं, त्याचा वॉशर कडक झालेला असतो. मॅनिफोल्ड न काढता पॅकिंग घालायची जादू करणारे लोक आहेत. मी तीनदा प्रयत्न करून शेवटी कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड काढले.

उजव्या बाजूला फिल्टर. आपल्या दोघांच्याही गाड्यांत आधीच्या मालकाने जुनी रबरी रिंग खाचेत तशीच ठेवून वर नवी बसवलेली असू शकते. तिथेच मागच्या कोपऱ्यात ऑइल कूलरचा आणि प्रेशर गेजचा पाइप आहे. चालत्या गाडीत तिथे ५० ते ८० पीएसआय दाब असतो, म्हणून रबराला भेग असेल तर बंद गाडीखाली फारसं काही दिसणार नाही आणि रस्त्यावर मात्र चार लिटर तेल मिनिटांत जाईल. सगळ्या गळत्यांत मी घाबरतो ती हिला. पाइप वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की त्याच दिवशी बदला.

क्रँकचं पुढचं सील गेलं असेल तर त्याच्या टोकावरची पुली तेल भिरकावते, त्यामुळे आजूबाजूला अर्धवर्तुळाकार शिंतोडे दिसतात. टायमिंग कव्हर काढलंतच तर आतल्या ऑइल थ्रोअरवरचं ‘एफ’ अक्षर पुढे ठेवा, आणि बोल्ट आवळण्याआधी पुली घालून कव्हर मधोमध आणा. चेंबरचे (इंजिनाखालच्या तेलाच्या पात्राचे) बोल्टही असेच नाजूक, ६ पौंड-फूट. सिलिकॉन मात्र थोपू नका, आत पिळून आलेले तुकडे पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

हे सगळं कोरडं आहे, पिशवी आत ओढली जातेय, आणि तरीही बेलहाउसिंगच्या तळातल्या भोकातून, जिथे एक सैल स्प्लिट पिन लोंबकळत असते, तिथून चमकणारं तेल येतंय, तर तुमचा गॅरेजवाला बरोबर होता. एमजीबीत त्या सीलपर्यंत पोचायला इंजिन बाहेर काढावंच लागतं. मग सीलवर थांबू नका. बॅकप्लेटचं पॅकिंग, क्लच प्लेट, कार्बनचं रिलीज बेअरिंग, सगळं त्याच खेपेला बदला, क्रँकवर सीलची धार जिथे घासते तिथे नखाने खाच लागते का बघा. क्रेन आणण्याआधी बॉनेटच्या बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा. मी मारली नव्हती, आणि माझं बॉनेट आजही डाव्या बाजूला बोटभर फटीने बसतं.