अमेरिकेत डॉक्टरांच्या राज्य संघटना मालप्रॅक्टिसच्या (उपचारातल्या हलगर्जीच्या दाव्यांच्या) कायद्यामागे एवढ्या का लागतात? स्वतःची कातडी वाचवायलाच ना?

हो, बऱ्याच अंशी कातडी वाचवायलाच. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात अॅनेस्थेशियाची रेसिडेन्सी करताय आणि ओहायोतला मावसभाऊ "आमच्या स्टेट सोसायटीने बिल पास करून घेतलं" असं फुशारकीने सांगत होता. मी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात भूलतज्ज्ञ आहे, वीस वर्षं होऊन गेली. त्यांतली सहा आमच्या विषयाच्या राज्य सोसायटीच्या कार्यकारिणीत काढली. आतून जे दिसलं ते सांगतो.

आधी नेतृत्वाचं. सेक्रेटरी, उपाध्यक्ष, भावी अध्यक्ष, अध्यक्ष अशी शिडी असते आणि दरवर्षी माणूस एक पायरी चढतो. म्हणजे अध्यक्षाच्या हातात एक वर्ष, आणि विधेयकाला लागतात पाच-सात. आमची राजधानी हॅरिसबर्ग, तिथल्या विधिमंडळाचं सत्र दोन वर्षांचं. तेवढ्यात पास झालं नाही की विधेयक मेलं, पुढच्या सत्रात श्रीगणेशा. त्यामुळे कुठला आमदार कशाने चिडतो, कोणाचा जावई वकील आहे, ही सगळी माहिती सोसायटीचे पगारी संचालक आणि लॉबिस्ट (आमदारांकडे पाठपुरावा करणारे) यांच्या डोक्यात. अध्यक्ष येतात, विधिमंडळाच्या हिरव्या घुमटासमोर फोटो काढतात, जातात. एका फोटोत मीही आहे, अगदी कडेला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं होतं, आमदारांशी चर्चा होईल. भेटला त्यांचा पोरगेलासा सहायक. कॉरिडॉरमध्ये, उभ्या उभ्या, सात मिनिटं. मी डॉक्टरांच्या विम्याच्या प्रीमियमचे आकडे सांगत होतो. त्याने एकच विचारलं, "यात पेशंटचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता माझी केस. २००९ साल. पोटाचं ऑपरेशन, चार तास, सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी पेशंटच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. कोपराजवळून या बोटांकडे जाणारी नस, अल्नर नर्व्ह, दुखावली होती. गृहस्थ ट्रक दुरुस्तीचं काम करायचे. नट बोटांत धरता येईना. केस झाली. डिपॉझिशनला, म्हणजे कोर्टाबाहेर शपथेवर घेतात त्या जबानीला, त्यांच्या वकिलाने माझाच चार्ट माझ्यासमोर सरकवला. कोपराखाली पॅड ठेवलं होतं? ठेवलं होतं. कुठे लिहिलंय? कुठेच नाही. दर पाच मिनिटांचं बीपी माझ्या अक्षरात होतं, कवळी काढून ठेवल्याचीही नोंद होती. पॅड मात्र नाही. विमा कंपनीने तडजोड केली, आणि माझं नाव डॉक्टरांच्या राष्ट्रीय नोंदीत गेलं. तेव्हापासून कुठल्याही हॉस्पिटलचा अर्ज भरला की त्या रकान्यात "हो" लिहून वर खुलासा जोडायचा.

पण मला त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. हॉस्पिटलच्या रिस्क मॅनेजमेंटने, म्हणजे दाव्यांचा धोका सांभाळणाऱ्या विभागाने, बजावलं होतं, पेशंटच्या खोलीत जाऊन काही बोलू नका. इथे २००२ पासून एमकेअर कायदा आहे. गंभीर इजा झाली तर हॉस्पिटलने सात दिवसांत पेशंटला लेखी कळवायचं, हे त्यातच लिहिलंय. म्हणजे पत्र जाणार, डॉक्टर जाणार नाही. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

म्हणून २०१३ चा कायदा मला आमच्या सगळ्या धडपडीतला सर्वांत कामाचा वाटतो. कागदावरचं नाव लांबलचक आहे, सगळे त्याला "सॉरी लॉ" म्हणतात. दावा दाखल होण्याआधी डॉक्टरने पेशंटपाशी दिलगिरी किंवा सहानुभूती दाखवली तर ती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. इंग्रजीत सॉरी या एका शब्दात दोन गोष्टी बसतात. आपण त्या वेगळ्या ठेवतो: "फार वाईट वाटलं" हे सांत्वन, "चुकलं माझं" ही कबुली. हा कायदा नेमका त्या दोहोंमधल्या फटीत उभा आहे. पहिलं पुराव्यात येत नाही, दुसरं खुशाल येतं. अर्धाच कायदा, मान्य. पण यासाठी आमच्यासारख्या सोसायट्या, राज्य मेडिकल सोसायटी, हॉस्पिटलं असे सगळे वर्षानुवर्षं चकरा मारत होते, आणि सहायकाच्या त्या प्रश्नाला या वेळी उत्तर होतं.

पैशाच्या लढाया मात्र वेगळ्या. तुमचा मावसभाऊ बहुतेक "कॅप"बद्दल बोलत असावा. वेदना आणि मनस्तापापोटी मिळणाऱ्या भरपाईला मर्यादा घालायची, औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेला पगार यांना मात्र मर्यादा नाही, ही ती कल्पना. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली आणि ती २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत एका सेंटनेही वाढली नाही. टेक्ससने २००३ मध्ये मतदान घेऊन राज्यघटना बदलली आणि डॉक्टरांसाठी तोच आकडा ठेवला. इलिनॉयचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केला. आमच्याकडे तर राज्यघटनेतच लिहिलंय की इजेच्या भरपाईला विधिमंडळाने मर्यादा घालायची नाही. तरी दर काही वर्षांनी कोणीतरी सभेत उठून "कॅप आणा" म्हणतंच. मला व्यक्तिशः कॅप आवडत नाही. बुडालेला पगार पूर्ण मिळतो हे खरं, पण ज्याला पगारच नाही त्याचं काय? लहान मूल, घर सांभाळणारी बाई, निवृत्त माणूस, यांच्या वाट्याला मुख्यतः तीच मर्यादेतली रक्कम येते. हे मी कार्यकारिणीत एकदा बोललो. चहापाण्याच्या वेळी माझ्याशी फार कोणी बोललं नाही.

दुसरी लढाई, दावा कुठे चालवायचा याची. फिलाडेल्फियाची ज्युरी सढळ हाताची म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे खेड्यातली केसही काहीतरी धागा जोडून तिकडे न्यायची पद्धत होती. २००३ पासून नियम आला: जिथे घडलं त्याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) दावा. केस भरताना तज्ज्ञाचा दाखला घेतल्याचं प्रमाणपत्र जोडायचं, हाही नियम त्याच वर्षीचा. सोसायट्यांनी हे मिरवलं. मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटीचा नियम मागे घेतला, १ जानेवारी २०२३ पासून पुन्हा जैसे थे. कोर्टाच्या कामकाजाचे नियम इथे न्यायालय ठरवतं, विधिमंडळ नाही. आमदारांच्या दारातल्या आमच्या चपला फुकट झिजल्या. आणि इथे न्यायाधीश निवडणुकीतून येतात, त्या निवडणुकीत वकिलांच्या संघटनाही पैसा ओततात आणि डॉक्टरांच्याही. कोण कोणाला नावं ठेवणार?

आमच्या विषयात खरा बदल झाला तो मात्र कुठल्याही राजधानीत नाही. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत भूलतज्ज्ञांचा विमा सर्वांत महागांपैकी होता. १९८५ मध्ये आमच्या राष्ट्रीय सोसायटीने विमा कंपन्यांना गळ घातली, तुमच्या निकाली निघालेल्या दाव्यांच्या फायली आम्हाला वाचू द्या. वेगवेगळ्या राज्यांतले भूलतज्ज्ञ सुट्टीचे दिवस घालून त्या फायली चाळत बसले. १९९० मध्ये १५४१ दाव्यांचा हिशोब छापून आला. त्यांतले ३४ टक्के श्वासाशी निगडित होते: व्हेंटिलेशन (श्वास पुरवणं) कमी पडलं, श्वासाची नळी अन्ननलिकेत गेली, नळी घालायलाच जमली नाही. आणि त्यांतले बहुतेक पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा) आणि कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा) असते तर टळले असते, असं वाचणाऱ्यांचंच मत. तोवर १९८६ मध्ये सोसायटीने मॉनिटरिंगचे किमान नियम केलेही होते. पुढे अपघात घटले, दावे घटले आणि आमचे प्रीमियमही उतरले. माझ्या मते मालप्रॅक्टिस सुधारणा म्हणतात ती ही.

त्याच फायलींत माझ्या करंगळीवाल्या केससारख्याही भरपूर आहेत. कोपराखाली पॅड ठेवल्याची स्पष्ट नोंद असूनही अल्नर नर्व्हला इजा झालेल्या. त्यामुळे त्या गृहस्थांच्या खोलीत गेलो असतो तर "चुकलं माझं" म्हणणं खरं ठरलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. "वाईट वाटलं" मात्र नक्की खरं होतं.

भारताशी तुलना करायची तर, तिथली भीती वेगळी आहे. इथे डॉक्टरवर फौजदारी गुन्हा क्वचितच दाखल होतो, भांडण पैशाचं. तुमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने डॉक्टर ग्राहक मंचाच्या कक्षेत आले, तरी झोप उडते ती पोलीस ठाण्याने. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात तज्ज्ञ डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय डॉक्टरवरच्या फौजदारी तक्रारीत पुढे जाऊ नका असं सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं, त्यावर तुमच्या संघटनांनी जोर द्यावा. कॅपच्या मागे लागू नये.

आणि तुमच्या-माझ्या विषयाचा एक जुना खटला जरूर वाचा. मी मूळचा गुहागर तालुक्यातला, म्हणून लक्षात राहिलेला. मे १९५३, पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. पाय लाकडी फळ्यांना बांधून त्याला टॅक्सीने सुमारे २०० मैलांवर पुण्याला आणलं. तिथे पूर्ण भूल न देता जोर लावून हाड ओढलं गेलं, असं न्यायालयाने धरलं. मुलगा त्याच दिवशी गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९६८ उजाडलं. भरपाई ३००० रुपये.