खड्डा हाच पुरावा

युद्धगुन्हा सिद्ध करणं हे वकिलांचं काम, डॉक्टर फक्त मृत्यूचा दाखला देतो, अशा समजुतीची पत्रं पुन्हा आली आहेत. म्हणून उत्तरं एकत्र.

वर्षापूर्वी पुरलेल्या देहावरून मृत्यूची तारीख सांगता येते का? (कोथरूड)

नाही. मालिकेतला डॉक्टर तास सांगतो, कारण त्याची उलटतपासणी होत नाही.

हाडं टिकतातच. मग जेसीबीने पटकन काढली तर काय बिघडतं? (हडपसर)

सगळं. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै १९९५मध्ये सुमारे ८,००० बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. नंतर मारणाऱ्यांनीच यंत्रं लावून खड्डे उकरले आणि देह दुसरीकडे पुरले. एकाच माणसाची हाडं दोन-तीन खड्ड्यांत विखुरली. तरी दुसऱ्या खड्ड्यातली माती, परागकण, काडतुसांच्या पुंगळ्या पहिल्याशी जुळल्या आणि लपवाछपवी कोर्टात उघडी पडली. जेसीबी लावणारा हाच दुवा तोडतो.

बरोबर पद्धत अशी: आधी मोजपट्टी आणि उत्तर दिशेची खूण ठेवून फोटो. मग खुरपी-ब्रशने एकेक थर. प्रत्येक देहाला वेगळा क्रमांक. निघालेली माती चाळायचीच; सुटे दात, बोटांची हाडं, गोळीचे तुकडे तिथेच मिळतात. मनगटं बांधलेली असतील तर गाठ सोडू नये, दोरी गाठीपासून दूर कापावी. पाठीमागे बांधलेले हात आणि डोक्यात मागून गोळी, हा लढाईतला मृत्यू नव्हे. गाठ गेली की हे म्हणणं लंगडं पडतं. गोळी धातूच्या चिमट्याने उचलली तर बंदुकीच्या नळीने तिच्यावर उमटवलेल्या खुणांवर नवे ओरखडे उठतात. ओली हाडं प्लॅस्टिकमध्ये बांधली की बुरशी धरते, डीएनए खराब होतो. कागदी पिशवी, क्रमांक, सही, वेळ. जागा सापडली तर हात न लावता पोलिस आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांना बोलवा.

घरच्यांनी कपड्यांवरून ओळखलं तर पुरेसं आहे? (सदाशिव पेठ)

नाही. सदरा उसना असू शकतो. डीएनए जुळवायला मांडीचं हाड किंवा दात, आणि तुलनेला आईवडील वा मुलांचं रक्त लागतं. एकट्या चुलतभावाच्या रक्तावर सहसा भागत नाही. कोणता नमुना द्यायचा, हे प्रयोगशाळेला विचारूनच ठरवा.

जिवंत सुटलेल्याच्या जुन्या व्रणांना किंमत असते का? (औंध)

असते. छळाच्या तपासणीसाठीच्या ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार डॉक्टर व्रण हकिकतीशी किती जुळतो ते सांगतो; त्यात ‘विसंगत’पासून ‘निदानात्मक’पर्यंत (म्हणजे दुसऱ्या कशाने होऊच शकत नाही) पाच पायऱ्या आहेत. व्रण नाही म्हणजे छळ झाला नाही, असं मात्र कुणी म्हणू नये.

‘तीन महिन्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञ’ या कोर्सला पैसे भरू का? (कर्वेनगर)

नको. न्यायवैद्यक तज्ज्ञ व्हायला एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी लागतं. चेक फाडण्याआधी बी. जे. मेडिकलच्या न्यायवैद्यक विभागात जाऊन विचारा.