‘प्रभू उठला आहे’ म्हणतो, मग रडू का येतं?

प्रश्न : ताई, बाबांना जाऊन आठ महिने झाले. ईस्टरला चर्चमध्ये सगळ्यांबरोबर मीही ‘प्रभू उठला आहे’ म्हटलं आणि घरी येऊन टेबलावरचा बाबांचा चष्मा दिसला तशी ढसाढसा रडले. ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, विश्वास आहे ना, मग रडायचं कशाला? दुसरं म्हणजे ऑफिसमधली मैत्रीण म्हणते की पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मेलेल्यांतून उठणं, हा पुनर्जन्मच की, आणि मला धड उत्तर देता येत नाही. आणि खरं सांगू का, सोमवारी सकाळी उठल्यावर या सगळ्याचं करायचं काय?

उत्तर : आधी रडण्याचं बघू. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात येशूचा मित्र लाजर मरून चार दिवस झालेत, येशू त्याला उठवणार हे लाजरच्या बहिणीला, मार्थाला सांगूनही झालंय, आणि तरी कबरीकडे जाताना तो रडतो. त्यामुळे त्या बाईंचं फार मनावर घेऊ नका, चष्मा पण राहू दे टेबलावर.

आता मैत्रिणीचा प्रश्न. पुनर्जन्मात आत्मा दुसऱ्या देहात जातो, नाव वेगळं, आईवडील वेगळे, मागचं सहसा आठवत नाही. पुनरुत्थानात माणूस तोच असतो. पण तो जसाच्या तसा परत येतो असंही नाही हं, इथे आपल्याच लोकांचा गोंधळ होतो. लाजर बाहेर आला तेव्हा हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेलेच होते, दुसऱ्यांना सोडावे लागले, कारण तो आपल्या जुन्याच आयुष्यात परत आला, म्हणजे पुन्हा कधीतरी मरायचंच होतं. येशूच्या कबरीत मात्र तागाची वस्त्रं तिथेच पडलेली, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला, कारण तो नव्या देहात उठला, त्याला परत मरायचं नव्हतं. इ.स. ५५ च्या आसपास करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना प्रेषित पौलाने बी आणि रोपाचं उदाहरण दिलंय, पेरतो ते एक आणि उगवतं ते दिसायला भलतंच, तरी त्याच बीचं. म्हणून तर कबरीपाशी मग्दालीया मरीयेला येशू आधी माळी वाटला, नावाने हाक मारली तेव्हा कुठे ओळख पटली. आणि खिळ्यांच्या खुणा हातावर तशाच होत्या, विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला त्याच दाखवल्या. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात जास्त धीर देते, की नव्या देहातसुद्धा त्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत.

राहिला सोमवार. माझ्या मते याचं उत्तर येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे आहे. येशूला धरून नेलं त्या रात्री अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभं राहून, कोंबडा आरवायच्या आत तो तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. पुढे उठलेला येशू त्याला दोनदा दिसला तरी आतली टोचणी गेली नसणार, हा आपला माझा अंदाज. तो परत जाळी घेऊन मासे धरायला गेला. रात्रभर काही नाही आणि पहाटे जाळं भरलं, कोणीतरी मोजले पण, १५३, कोळ्याला मोजल्याशिवाय राहवतंय होय! तर किनाऱ्यावर येऊन बघतात तो काय, येशूने कोळशाचा विस्तव करून त्यावर मासळी ठेवलीये आणि म्हणतोय, या, न्याहारी करा. आधी खायला घातलं. तू असं का केलंस हे विचारलंच नाही, तीन नकारांपुढे तीनदा एवढंच, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि लगेच काम दिलं, माझी मेंढरं, म्हणजे माझी माणसं, सांभाळ.

म्हणजे सोमवारी काय करायचं, तर ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला आधी चहाला बोलवा, हिशेब नंतर बघू. किंवा जे आपल्याच हातून बिघडलं त्या जागी परत जायची हिंमत करा, पेत्राला पण त्याच कोळशाच्या वासात उभं राहावं लागलं. रोज जमेल असं नाही, मलाही जमत नाही.

मैत्रिणीने परत विचारलं तर तिला योहानाचा २१ वा अध्याय द्या वाचायला, २५ च वचनं आहेत, लंच टाइममध्ये होतो वाचून.