फिलिपाइन्समधले गावोगावचे फिएस्टा म्हणजे स्पॅनिशांची नक्कलच ना? त्यांचं स्वतःचं त्यात काय?

‘नक्कल’ हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे फक्त वाचतो.

बोटीवर थर्ड इंजिनिअर असताना आमचा एक ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला तेलपाणी बघणारा खलाशी, लुकबानचा होता. केसोन प्रांतात, बनाहाव डोंगराच्या पायथ्याशी गाव. आम्ही दोघं मनिलात एकदमच साइन ऑफ झालो, म्हणजे काम संपवून बोटीवरून उतरलो, माझ्या विमानाला दोन दिवस अवकाश, तर हा मला ओढतच घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी १५ मे, शेतकऱ्यांच्या सान इसिद्रोचा सण. तिथे त्याला पहियास म्हणतात.

पहाटे बाहेर आलो तर रात्री पाहिलेलं एकही घर ओळखू येईना. भिंती भाताच्या लोंब्यांनी, भोपळ्यांनी, शेंगांनी मढवलेल्या आणि वर किपिंगची रंगीत झुंबरं. किपिंग म्हणजे आपल्या फेण्याच हो! तांदळाचं रंगवलेलं पीठ कबाल नावाच्या झाडाच्या पानावर पातळ पसरायचं, वाफवायचं, सोलून वाळवायचं. पानाच्या शिरासुद्धा उमटतात. सण झाला की तळून खायचं. आमची आजी पानांवर फेण्या करायची, त्या जोरावर मी शहाणपणा करायला गेलो आणि पहिलीच फाडली. ऑइलरची आई हसून हसून खाली बसली.

पूर्वी म्हणे सगळं पीक चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायचे. तिथे मावेना, मग जो तो आपल्या दारात मांडू लागला आणि पाद्रीच मिरवणुकीबरोबर दारोदार फिरू लागला. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, म्हणजे सगळ्या आळ्यांना पाळी मिळते.

आता तुमचा प्रश्न. फिएस्टा हा शब्द स्पॅनिश, संत माद्रिदचा. विखुरलेल्या वस्त्या चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आणून बसवायच्या आणि गावाला एक संत, एक उत्सव द्यायचा, हे १५६५नंतर आलेल्या राजवटीचं आणि तिच्या पाद्र्यांचं धोरण. मान्य. पण भात काय स्पॅनिशांनी नेला? इसिद्रोला संतपद मिळालं १६२२ला. टागालोग लोक त्याच्या कितीतरी आधीपासून आनितोंना, म्हणजे पूर्वजांच्या आणि जागेच्या आत्म्यांना, नैवेद्य दाखवत होते. आपला कोकणातला गाव राखणारा राखणदार डोळ्यांसमोर आणा. गोव्यात कोणसाच्या फेस्ताला नव्या भाताची पहिली कणसं चर्चमध्ये नेतात, तीही नक्कलच का?

खरं तर मला हे भांडण आमच्या दादाशी करायचंय. जमीन विकली त्या वर्षी त्याने दसऱ्याला दारावर नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण, बांधणं बंद केलं. ‘शेत नाही तर नवं कसलं? देखावा नुसता.’ मी बोटीवर, फोनवर किती बोलणार?

तर ऑइलरच्या घरीही शेत नव्हतं. आई बुरीच्या पानांच्या टोप्या विणायची, दारावर त्या टोप्यांच्या माळा. शेजारचा लोंगानिसा म्हणजे सॉसेज करायचा, त्याने त्याचेच तोरण लावलेले. आणि टोप्यांच्या मधोमध ऑइलरचा बॉयलर सूट, म्हणजे इंजिनरूममध्ये कामाला घालायचा अंगभर डगला, धुऊन इस्त्री केलेला. ‘सर, आमचं पीक हेच,’ म्हणाला. ज्या कामावर घर चालतं ते दारात मांडायचं, एवढाच तिथला हिशोब. दादाला हे मी तीनदा सांगितलंय.

हां, एक राहिलं. मी पाहिलं ते एकच गाव. पुलिलानला याच दिवसांत चर्चपुढे रेड्यांना गुडघे टेकायला लावतात म्हणतात, ते पाहायचं राहिलंय. सेबूचा सिनुलोग बाळ येशूचा, त्याची गोष्टच वेगळी. आणि लुकबानलाही आता सजावटीच्या स्पर्धा असतात, बक्षिसं असतात, त्यामुळे दादाचा ‘देखावा’ अगदीच खोटा नाही.

गेल्या दसऱ्याला दादरच्या फूलबाजारातून लोंब्या आणल्या, डोंबिवलीच्या फ्लॅटच्या दाराला नवं बांधलं, त्यात माझा जुना पाना अडकवला. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दादाने पाहिलाय, निळ्या खुणा दिसतात.