त्याला तुम्ही दिसलाच नाहीत

मागच्या वेळी 'कयाकमध्ये (म्हणजे वल्ह्याने चालवायच्या त्या छोट्या, अरुंद बोटीत) बसताना लाइफजॅकेटचे पट्टे घट्ट ओढा' एवढं एकच वाक्य लिहिलं होतं, आणि त्यावर पत्रांचा ढीग आला. पण पट्ट्यांबद्दल एकही नाही, सगळी मोटारबोटवाल्यांबद्दल! म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यांच्या नावाने. शिव्या असलेली वाक्यं गाळलीयेत, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार. पाचेक वर्षं कयाक चालवतोय. परवा लख्ख ऊन, अंगात भडक केशरी जॅकेट, आणि तरी एक स्पीडबोट माझ्यापासून जेमतेम दहा-बारा मीटरवरून सुसाट गेली, मी उलटता उलटता वाचलो. नंतर धक्क्यावर त्याला गाठलं तर म्हणे 'अरे, तू दिसलाच नाहीस'. असं कसं दिसत नाही? सरळ खोटं बोलत होता ना?

उत्तर: बोलत असेलही. पण मला वाटतं तो खरं बोलत होता, आणि मला तेच जास्त भीतीदायक वाटतं.

बघा, स्पीडबोटने वेग घेतला की तिचं पुढचं टोक वर उचललं जातं. बोट पूर्ण वेगात येऊन पाण्यावर आडवी बसेपर्यंत सुकाणूवरच्या माणसाला समोर दिसतं ते बोटीचं नाक आणि आभाळ. त्यात पुढे दोघं-तिघं पाहुणे बसलेले, काचेवर पाण्याचे सुकलेले डाग, आणि सूर्य खाली आलेला असून तुम्ही बरोबर त्याच्या आणि सूर्याच्या मधे, म्हणजे तुमचं भडक केशरी जॅकेट त्याच्यासाठी फक्त एक काळा ठिपका, चमचमत्या पाण्यातल्या हजार काळ्या ठिपक्यांपैकी एक. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून मीटरभरसुद्धा उंच नसतं. अर्ध्या मीटरच्या लाटा असल्या तरी खालचं बरंच काही लाटेआड जातं आणि उरतं डोकं, तेही अधूनमधून.

दुसरी गोष्ट डोळ्यांची नाही, डोक्याची आहे. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक व्हिडिओ दाखवून त्यात बॉल किती वेळा पास होतो ते मोजायला सांगितलं. मधेच गोरिलाचा वेष घातलेली एक व्यक्ती पडद्यावरून चालत गेली, आणि जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. दृष्टी शाबूत, नजर तिथेच, तरी नाही दिसली. मोटारबोटवाल्याची नजरसुद्धा मोटारबोटी शोधत असते, मोठं काहीतरी, पांढरं काहीतरी. पाण्यातून उगवलेलं मुंडकं त्याच्या यादीतच नसतं.

आणि तिसरी, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. दोन बोटी धडकणार असतील ना, तर त्या एकमेकींच्या नजरेत जागा बदलत नाहीत. बाजूने जाणारी वस्तू सरकते म्हणून डोळा तिच्याकडे ओढला जातो, पण धडकणारी वस्तू आहे तिथेच राहते, फक्त मोठी होत जाते, तेही आधी बराच वेळ अगदी हळू आणि शेवटच्या काही सेकंदात एकदम. म्हणजे तुम्ही बरोबर त्याच्या वाटेत असता तेव्हाच त्याला तुम्ही सगळ्यात कमी जाणवता.

मी एकदा मुद्दाम मोटारबोटीत बसून मैत्रिणीला कयाकवरून लांब जायला सांगितलं, कुठपर्यंत दिसते ते बघायला. आधी कयाक गेली, मग जॅकेटचा रंग गेला, आता संपलं म्हणून मी मान वळवणार तेवढ्यात टिक... टिक... टिक... असं काहीतरी लुकलुकलं. ती वल्ह्याची पाती होती, ओली, वर आली की ऊन पकडणारी. बाई दिसत नव्हती, पाती दिसत होती. त्या दिवसापासून पाण्यावर निघताना मी एकच धरून चालते की मी कोणालाही दिसत नाहीये.

प्रश्न: मुलाने हौसेने गडद हिरवी कयाक घेतलीये, जॅकेट निळं, वल्हं काळं. मला तर काठावरूनच दिसत नाही तो! आता काय काय बदलायला लावू? कोणी म्हणतं झेंडा लाव, कोणी म्हणतं आरसा लाव. — एक आई

उत्तर: कयाक राहू दे हो, पाण्यावर तिचा थोडासाच भाग वर असतो, त्यासाठी भांडण नको. आधी वल्ह्याची पाती बदला किंवा त्यांना रंग लावा. शरीराचा आणि बोटीचा सगळ्यात उंच जाणारा आणि सतत हलणारा भाग तोच, आणि हलणारी गोष्ट डोळ्याला आधी कळते. पोपटी-पिवळा किंवा चमकदार केशरी, दोन्ही बाजूंनी. पांढरी पाती शांत पाण्यात मस्त दिसतात, पण वारा सुटून फेसाळ लाटा आल्या की त्यात मिसळून जातात.

मग टोपी आणि जॅकेट. निळं जॅकेट पाण्यावर म्हणजे गवतात हिरवा टोळ. फ्लुरोसंट रंग अतिनील किरण शोषून तेच दिसणाऱ्या प्रकाशात बदलून फेकतात, म्हणून ढगाळ दिवसातही उठून दिसतात, पण अंधारात त्यांचा काही उपयोग नाही. आणि लाल रंगावर फार भरवसा नको, संध्याकाळी उजेड कमी झाला की सगळ्यात आधी तोच काळा पडतो.

झेंडा चांगला, पण उंच काठीवर आणि मागच्या बाजूला, वाऱ्यावर फडफडणारा. त्याचा एक तोटा कोणी सांगत नाही. कयाक उलटली आणि मागच्या बाजूने परत वर चढायचं असलं की ती काठी नेमकी आडवी येते. त्यामुळे झटकन काढता येईल अशी लावायची आणि काठालगत उथळ पाण्यात तसं चढून बघायचं, एकदा तरी.

आरसा मात्र नक्की घ्या. सायकलवाले टोपीला किंवा चष्म्याला लावतात तसला छोटा. कयाकमध्ये कमरेखाली जखडलेले असता, मान पूर्ण मागे वळत नाही, आणि वारा समोरून असला तर मागच्या इंजिनाचा आवाज उशिराच कळतो. आरसा नसेल तर दर थोड्या वेळाने कयाकच तिरकी करून मागे बघायची सवय लाव म्हणावं त्याला. आणि दोन्ही कानात इयरफोन घालून वल्हवत असेल तर ते आधी काढून घ्या, रंगाबिंगाचं नंतर बघू.

प्रश्न: नियमाने वल्हवणाऱ्याचा हक्क पहिला ना? मग आपण का बाजूला व्हायचं?

उत्तर: हा गैरसमज इतका पसरलाय की काय सांगू. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, १९७७ पासून लागू. त्यात कोणी कोणाला वाट द्यायची याचा १८ वा नियम आहे, त्यात शिडाच्या बोटी आहेत, मासेमारी करणाऱ्या आहेत, पण वल्ह्याच्या बोटींचा वेगळा उल्लेखच नाही. उलट ९ वा नियम सांगतो की २० मीटरपेक्षा लहान बोटीने अरुंद चॅनलमध्ये, म्हणजे बोटींच्या ये-जा करायच्या वाटेत, जी मोठी बोट फक्त त्याच चॅनलमधून सुरक्षित जाऊ शकते तिला अडथळा करायचा नाही. तुमची कयाक पाच मीटरची, हिशोब तुम्हीच करा.

हां, पण ५ वा नियम सगळ्यांना आहे, डोळे-कान उघडे ठेवून नीट टेहळणी करायची, आणि ६ वा नियम सुरक्षित वेगाचा. फोनमध्ये बघत बोट हाकणारा ते दोन्ही मोडतोय. चूक त्याचीच. पण बरोबर असून पाण्याखाली जायचं असेल तर तुमची मर्जी.

प्रश्न: बोट सरळ आपल्याकडेच येतेय असं वाटलं तर नेमकं काय करायचं? मी तर गोठतेच.

उत्तर: आधी खरंच आपल्याकडे येतेय का ते बघायचं. आपली दिशा न बदलता चार-सहा हात वल्हवा आणि बघा, ती बोट तुमच्या कयाकच्या हिशोबाने पुढे किंवा मागे सरकतेय का. सरकतेय तर बहुतेक बाजूने जाईल. तिथेच चिकटून बसलीये आणि मोठी होतेय, तर टक्कर.

आता थोडं गणित. ३० नॉट म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर, सेकंदाला १५ मीटर. साडेचारशे मीटरवरची बोट अर्ध्या मिनिटात तुमच्यावर. तुम्ही ३ नॉटने तेवढ्यात जाल ४५ मीटर. ४५ मीटर पुरतात! पण लगेच निघालात तर. दहा सेकंद 'बघेल तो' म्हणत बसलात की १५ मीटर गेलेच. त्यामुळे लवकर, मोठं आणि एकाच दिशेने हला. आधी डावीकडे मग उजवीकडे असं अजिबात नको, त्याने बघितलं असेल तरी तो गोंधळेल.

वेळ असेल तर वल्हं उभं धरून वर करा आणि डावी-उजवीकडे मोठ्ठं हलवा. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करायची खूण मात्र संकटात मदत मागायची आहे, ती त्यासाठीच राखून ठेवा. शिट्टी जॅकेटला बांधलेली असावी, पण इंजिन घरघरत असताना ती त्याला ऐकू येईल या भ्रमात राहू नका, शिट्टी सोबतच्या कयाकवाल्यांसाठी. मोटारबोटवाल्यासाठी हातातला गॅसचा भोंगा बरा.

जेटस्की असेल तर अजून एक. तिला सुकाणू नसतं, मागून पाण्याचा झोत फेकते आणि त्या झोतावरच वळते. घाबरून थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, सोडला की झोत बंद, वळणं बंद, आणि हँडल कितीही पिळलं तरी जेटस्की सरळ तुमच्यावर. काही नवीन मॉडेलमध्ये यावर सोय असते, पण समोरची कुठली ते तुम्हाला काय कळणार. नवशिक्या माणूस घाबरला की नेमकं थ्रॉटलच सोडतो, म्हणून भाड्याच्या जेटस्की फिरतात तिथून मी लांबच असते.

आणि बोट गेली म्हणजे संपलं नाही. आपण शिव्या द्यायला वळतो आणि तेवढ्यात तिच्या लाटा आडव्या येऊन धडकतात, मी स्वतः अशीच पडलेय, तोंड उघडं असताना. आधी कयाकचं टोक लाटांकडे वळवा, वळायला वेळ नसेल तर लाटेच्या बाजूला वल्ह्याचं पातं पाण्यावर टेकवून ठेवा, कंबर सैल सोडा. शिव्या नंतर.

खरं तर एवढी वेळच येऊ नये. बोये (खुणेचे तरंगते पिंप) लावलेल्या चॅनलच्या बाहेर, मोटारबोटीला तळ खरवडायची भीती वाटेल इतक्या उथळ पाण्यातून चाला. चॅनल ओलांडायचंच असेल तर वळणावर नाही, दोन्हीकडचं लांबवर दिसेल अशा जागी, थांबून, कान देऊन, काटकोनात, आणि ग्रुप असेल तर सगळे एकत्र. लांबच लांब माळ केलीत तर बोटवाला पहिल्या दोघांना बघतो आणि तिसऱ्याच्या अंगावर जातो.

प्रश्न: पहाटे अंधारात निघतो. डोक्याला लावायचा दिवा पुरे ना?

उत्तर: नियमाची किमान अट म्हणजे पांढरा उजेड देणारी बॅटरी हाताशी हवी आणि टक्कर टळेल इतक्या आधी ती दाखवायची. डोक्याचा दिवा सतत चालू ठेवलात तर तुमचीच अंधारातली नजर जाते. त्यापेक्षा चारही बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा मागे काठीवर, डोळ्यात येणार नाही असा, आणि टॉर्च दोरीने बांधून छातीशी. बोट जवळ येताना टॉर्च आपल्याच पात्यांवर मारा, हलतं काहीतरी आहे हे लगेच कळतं. पात्यांवर परावर्तक टेप लावा, पण त्याने लाइट मारला तरच ती चमकते. लुकलुकणारा स्ट्रोब दिवा उगाच चालू ठेवू नका, तो संकटासाठी राहू दे. आणि समोरच्या बोटीचे, तिच्या डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा, असे दोन्ही दिवे एकदम दिसले तर तिचं नाक तुमच्याकडेच आहे, विचार करत बसू नका.

प्रश्न: मी मोटारबोटवाला. सगळे आम्हालाच बोलतात. कयाकवाले चॅनलच्या मधोमध गप्पा मारत बसतात ते? आणि आम्ही वेग कमी केला तरी बोंब मारतात!

उत्तर: गप्पांचं मान्य, मीही मारल्यात. वेगाचं सांगते. पूर्ण वेगात बोट पाण्यावरून घसरत असते आणि तुलनेने कमी पाणी ढकलते. कयाक दिसली की तुम्ही सभ्यपणे थोडा वेग कमी करता, तशी बोटीची शेपूट खाली बसते, नाक वर जातं, आणि त्या अर्धवट वेगात ती सगळ्यात मोठी लाट उठवते, नेमकी कयाकच्या शेजारी, वर तुम्हाला पुढचंही दिसत नाही. त्यामुळे एक तर लांबून जा, किंवा खूप आधीपासून वेग अगदी कमी करा, मागे लाट उरणार नाही इतका.

पुढे बसलेल्या एका पाहुण्याला बघायचं काम द्या. इंजिन बंद करणारी दोरी स्वतःला अडकवा, तुम्ही बाहेर फेकला गेलात तर बोट गोल गोल फिरत कोणाच्या तरी अंगावर येते. आणि पाण्यात पडलेल्या कयाकवाल्याला उचलायला गेलात तर जवळ पोचायच्या आधी इंजिन बंदच करा, न्यूट्रल नाही, बंद.