उंदराने एअर फिल्टरचा डबा बळकावलाय!

प्रश्न: माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, धायरीत सोसायटीच्या पार्किंगला उभी असते. परवा बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्या आणि शेंगांची टरफलं भरून ठेवलेली! फिल्टर काढला पण डब्याचा खालचा भाग हलेचना. बाबा म्हणतात ओढू नकोस, मोडेल. घरी निघेल का?

उत्तर: निघेल की. पण बाबांचंही खरंय, तिरका ओढला तर मोडतोच. बऱ्याच गाड्यांत डब्याला १० नंबरच्या पान्याने निघणारे एक-दोन बोल्ट असतात आणि बाकी डबा खाली नुसत्या रबरी बुशांत (भोकातल्या रबरी कड्यांत) खुंट्या रोवून बसलेला असतो, म्हणून बोल्ट काढले तरी तो घट्टच वाटतो. दोन्ही हातांनी धरून सरळ वर झटका द्यायचा.

पण त्याआधी इंजिन गार होऊ दे. डब्यावर सेन्सर असेल तर त्याच्या कपलरचं, म्हणजे वायरीच्या प्लास्टिक जोडाचं, लॉक दाबून मग तो काढ, वायर धरून नाही. थ्रॉटलकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे) जाणाऱ्या होजची, म्हणजे जाड रबरी नळीची, क्लिप ढिली कर, होज ओढण्याआधी थोडा पिळून घे, जुनं रबर चिकटून बसतं. आणि बाजूला बोटाएवढा ब्रीदर पाइप (इंजिनातली वाफ डब्याकडे आणणारी बारीक नळी) असतो तो हमखास विसरतो आपण, मीही एकदा तसाच डबा उचलला आणि पाइपचं तोंड फाटलं, मग रविवार गेला. थ्रॉटलच्या उघड्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंब, एखादा वॉशर आत गेला तर महागात पडेल.

डबा साबणाने धू आणि पूर्ण वाळव, सेन्सरला मात्र पाणी लावू नकोस. फिल्टर कुरतडलेला असेल तर फेकूनच दे. बसवताना बुश सगळे आहेत का ते मोज, एखादा खुंटीला चिकटून वर येतो नाहीतर खाली कुठेतरी पडतो. हरवलाच तर उरलेला एक सोबत घेऊन नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात जा, दाखवल्याशिवाय नीट मापाचा मिळत नाही. बुशला साबणाचं पाणी लावलं की खुंटी सहज जाते.

फडकं काढलंस ना? मग गाडी चालू कर. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचा वेग) वरखाली होत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागला तर आधी ब्रीदर, होजची क्लिप आणि कपलर बघ, बहुतेक त्यातलंच काहीतरी राहिलेलं असतं. आणि हो, उंदीर बहुधा हवा आत घेणाऱ्या नळीतूनच शिरलाय. तिथे बारीक जाळी लावू नकोस, धुळीने बुजेल आणि इंजिनला हवाच मिळणार नाही. आजूबाजूच्या वायरीही टॉर्च लावून बघून घे.